शहाणं बाळ

"हात लावू नको त्याला!"

नवऱ्याच्या, नथूच्या आवाजासरशी पाळण्याकडे गेलेले सरुबाईचे हात तसेच थांबले... आपल्याच नातवापासून तिने ते मागे घेतले.

एकतीस वर्षांपूर्वी, पोटुशी असताना, ग्रहण लागलंय हे विसरून ती विळीवर भाजी चिरायला बसली होती. पुढे पिंकी झाली. पाच वर्षांची झाली तरी बोलेना, आणि आज तिशी ओलांडूनही तिची उंची बारा वर्षांच्या पोरीएवढी! दोष कुणाचा, ते घराने तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि सरुबाईनेही तो मान्य केला होता.

म्हणून ती नातवाला लांबूनच पाहत असे. अठरा दिवसांचं बाळ, पण दुधासाठीही जागं होईना. कातडी कोरडी, पाय गार, बेंबी फुगलेली. बघायला येणाऱ्या बायका मात्र सुनेला म्हणत, "लय शहाणं लेकरू गं समीक्षा! रडत म्हनून न्हाई!"

सरुबाईला जुने दिवस आठवले. पिंकीलाही सगळे असंच म्हणत... आणि तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता!

"करण, बाळाला आजच वडगावच्या दवाखान्यात न्ये," ती मुलाला म्हणाली.

"झालं हिचं सुरू!" नथू ओरडला. "एकीचं वाटोळं केलंस, आता ह्याच्यावर नजर?"

"माजी नजर म्हना, माजं पाप म्हना..." सरुबाईचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "पिंकीला घिऊन मी माळावरच्या गोठ्यात ऱ्हाते, पुन्ना ह्या उंबऱ्यात यायची न्हाई. पन आज त्याला डाक्टरकडं न्या!"

करणने आईकडे एकदा पाहिलं आणि रिक्षा बोलावली.

तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टरबाईंनी नथूसकट घरच्या सगळ्यांना समोर बसवलं. "बाळाच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नीट काम करत नाही. पहिली दोन-तीन वर्षं मेंदूची वाढ तिच्या रसावर चालते. रोज एक गोळी चुरून आईच्या दुधातून द्यायची, चुकवायची नाही. वेळेत आणलंत! आणखी काही महिने गेले असते, तर गेलेलं परत मिळालं नसतं."

"बाई... ग्रहनात भाजी चिरली, तर व्हतं का असं?"

"नाही हो आजी! कुणी सांगितलं?"

सरुबाईने पिंकीची सगळी हकिगत सांगितली. डॉक्टरबाईंनी ती मन लावून ऐकली. "तिलाही हेच असेल. रक्त तपासलं की कळेल. तिच्या वेळी तुम्ही खात काय होतात?"

"उरंल ते."

"आणि उरलं नाही तर?"

आईची उपासमार आणि आयोडीन नसलेलं मीठ, यांनीही पोटातल्या बाळाचा मेंदू खुरटतो, असं डॉक्टरबाई सांगत होत्या. नथूची मान खाली गेली होती.

"आदी आमी गडीमानसं जेवायचो," तो पुटपुटला. "मागं काय ऱ्हातंय, ते कदी बगितलंच न्हाई... सरू, मी कदी बगितलंच न्हाई गं!"

सोमवारी पिंकीला उपाशीपोटी दवाखान्यात आणलं. हुकलेली वाढ आता भरून येणार नव्हती, पण गोळ्यांनी अंगावरची सूज आणि सततचा थकवा कमी होईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पिंकी सुईला घाबरून रडू लागली.

"पेशंटबरोबर कोण आहे?" नर्सने विचारलं.

सवयीने सरुबाई उठली. पण तिच्या आधी नथू पुढे झाला होता, आणि पिंकीचा आखूड, जाडसर हात त्याने आपल्या दोन्ही हातांत धरला होता.

"मी हाय," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "बाप हाय मी हिचा."

सरुबाई क्षणभर उभी राहिली... मग हळूच मागे सरकून बाकावर बसली, आणि तिने भिंतीला पाठ टेकली.