मागच्या पलंगावरचा लोड

यातलं काहीही रचलेलं नाही. ज्याच्या हातून हे काम झालं तो वायरमन आजही धंद्यात आहे. फक्त कोणी मोटरहोम, म्हणजे आत पलंग-फ्रीज असलेली राहायची गाडी घेऊन आलं, की तो लांबूनच हात जोडतो.

रात्र नव्हती. अंधारही नव्हता. ढगाळ दुपार होती, आणि त्याच्या ताईची तशीच गाडी त्याच्या शेडमागच्या मोकळ्या जागेत उभी होती. गाडी जुनी, एका बाईंकडून नुकतीच घेतलेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच ताई आणि भाऊजी तिच्यातून समुद्राकडे निघणार होते.

भाऊजींची फुफ्फुसं थकली होती. झोपताना तोंडावर मास्क लावून श्वासाचं यंत्र चालवावं लागायचं. झोपेत यंत्र बंद पडलं, तर भाऊजी पुन्हा उठतील याची खात्री डॉक्टरही देत नव्हते. आणि बॅटरीच्या करंटवर घरासारखी वीज देणारा गाडीतला इन्व्हर्टर-चार्जर अधूनमधून मान टाकत होता. तोच आज बदलायचा होता.

"छोट्या, नट नीट आवळ रे," भाऊजी बाहेर खुर्चीत बसून ओरडले. "माझा जीव तुझ्या पान्यावर आहे."

"तुम्ही बडबड कमी करा. अर्धी बॅटरी तिथेच वाचेल."

"बघितलंस? लग्नात बूट लपवणारा पोरगा आता मला अक्कल शिकवतोय."

ताई हसली. सामान भरायला ती घरात गेली.

वायरमनची एक पद्धत होती. हात घालण्याआधी सगळा करंट बंद करायचा. बाहेरच्या विजेची पिन काढायची, छतावरचं सोलर तोडायचं, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची. शेवटी मुख्य फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, म्हणजे चुकूनही कोणाला करंट चालू करता येत नाही. त्याने तसंच केलं. मीटर लावून पाहिलं. शून्य.

गाडी पूर्ण मेली होती.

मागच्या पलंगाखालच्या कप्प्यात डोकं घालून तो इन्व्हर्टरचा जुना डबा सोडवू लागला. तेवढ्यात...

वरून सुस्कारा आला.

लांब. सावकाश. कोणी मास्कमधून श्वास सोडावा तसा.

"भाऊजी, आत आलात का?"

"मी कशाला येऊ? चहा होतोय इकडे!" आवाज बाहेरून आला.

छताची खिडकी उघडी होती. वारा असेल. त्याने ती घट्ट लावली आणि पुन्हा खाली वाकला.

पुन्हा सुस्कारा.

या वेळी तो मध्येच अडकला. मग थांबला... आणि धापा टाकत पुन्हा सुरू झाला.

जुना डबा निघाला. नवा बसला. जाड केबलींच्या टोकांना त्याने नवे लग, म्हणजे नटाखाली बसणाऱ्या तांब्याच्या कड्या, दाबून बसवले, लाल-काळं दोनदा तपासलं. हात सवयीने चालत होते, कान मात्र वर होते. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. उशीजवळच्या काचेवर आतून वाफ धरली होती. तळहाताएवढी. ती लहान होत होती.

आणि मग आवाज थांबलाच.

ती शांतता त्याला सहन होईना. का, ते त्याला आजही सांगता येत नाही, पण त्याने घाईघाईने फ्यूज बसवला, निगेटिव्ह जोडली आणि मेन स्विच वर केला.

नवा डबा गुणगुणला. पलंगाशेजारचं पॅनल उजळलं. आणि वर कोणीतरी, बुडता बुडता डोकं वर काढावं तसा, खोल श्वास घेतला.

पॅनलवर लोड, म्हणजे किती वीज ओढली जातेय त्याचा आकडा, दिसत होता.

गाडीत एकही वस्तू चालू नव्हती. दिवे बंद, फ्रीज बंद. तरी आकडा वर जात होता... खाली येत होता... पुन्हा वर जात होता.

श्वासासारखा.

त्याने पलंगाजवळच्या सॉकेटची लाईन पाडली. आकडा हलतच राहिला. शेवटी इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या वायरी काढल्या. आता वीज बाहेर पडायला रस्ताच नव्हता.

आकडा वर गेला. खाली आला.

वायरी पुन्हा जोडून तो बाहेर आला. शेडमध्ये जाऊन त्याने गाडी विकणाऱ्या बाईंना फोन लावला.

"मागच्या पलंगापाशी एखादं यंत्र दडवून जोडलंय का?"

"आमच्या ह्यांचं श्वासाचं होतं. पण ते गेल्यावर मी काढून टाकलं. का हो? तुम्ही करंट बंद केला होता का?"

"काम करायचं तर करावाच लागतो, बाई."

"आम्ही कधीच केला नाही," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "आज त्या पलंगावर कोणाला झोपू देऊ नका."

तो धावत गाडीकडे आला. दारात ताई उभी होती. ओठांवर बोट ठेवून.

"हळू. थकले म्हणून जरा पडले, तर लगेच झोप लागली. बघ, किती दिवसांनी अशी शांत झोप."

"यंत्र लावलंस ना?"

"अगं बाई! ते पिशवीतच राहिलं."

भाऊजी मागच्या पलंगावर उताणे झोपले होते. तोंडावर मास्क नव्हता. छाती संथ वर-खाली होत होती. वायरमनने पॅनलकडे पाहिलं. आकडा वर, छाती वर. आकडा खाली, छाती खाली.

त्याने मेन स्विच पाडला.

छाती थांबली.

"ह्यांना काय झालं?" ताई किंचाळली. "अहो! अहो!"

त्याने स्विच वर केला. छाती हलली. भाऊजींनी डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. लग्नापासून चेष्टा करत आलेल्या मेव्हण्याकडे नव्हे, कोणा परक्या मेकॅनिककडे पाहावं तसं.

"पुन्हा करू नका," ते म्हणाले.

ताईला त्याने थांबवायचा प्रयत्न केला. पण सांगणार काय? नवरा बरा दिसतोय म्हणून जाऊ नकोस? दुसऱ्या दिवशी ती दोघं निघाली.

अजून परतलेली नाहीत. ताई फोनवर खूश असते. यंत्राची गरजच पडत नाही म्हणते. फक्त हे गाडीतून खाली उतरायला तयार नसतात, इतकंच.

परवा तिचा पुन्हा फोन आला.

"छोट्या, तो नवा डबा फार तापतोय रे. मध्येच बंद पडतो की काय असं वाटतं. येऊन बदलून दे ना."

तिच्या मागे कोणीतरी संथ श्वास घेत होतं.

वायरमन येतो म्हणाला. नवा इन्व्हर्टर आणूनही ठेवलाय. चालू करंटवर तो कसा बदलायचा, हे मात्र त्याला अजून सुचलेलं नाही.