उसन्या आठवणीतली आई

हिरवळीवरून चालता चालता यामिनी ठोंबरे एकदम थबकली आणि कशाला तरी वळसा घालून पुढे गेली. समोर काहीच नव्हतं. गवत, दोन कबुतरं आणि सहलीला आलेली पिवळ्या टोप्यांतली शाळकरी मुलं. तिच्या मनाला मात्र तिथं एक लाकडी घर दिसत होतं. घराच्या कोपऱ्यावर पाण्याचं दगडी टाकं होतं, आणि त्यावर गुडघा आपटू नये म्हणून ती बाजूला झाली होती.

हिरोशिमातल्या या बागेच्या जागी एके काळी दाट वस्ती होती, हे तिनं वाचलेलं होतं. युद्धाच्या शेवटी, ऑगस्टातल्या एका सकाळी अणुबाँबनं ती पुसून टाकली. पण वाचलेलं असणं वेगळं आणि गुडघ्याला ठाऊक असणं वेगळं.

यामिनी कराडची. फिजिओथेरपिस्ट. साठवलेली रजा आणि पाठीवरची एक पिशवी घेऊन ती जपान पाहायला निघाली होती. झोप बसमध्ये काढायची आणि दुकानातले भाताचे गोळे खाऊन दिवस रेटायचा, असा तिचा प्रवास चालला होता. हिरोशिमात तिला एक धर्मशाळेसारखं वसतिगृह सापडलं. उसनी आठवण घेणाऱ्यांना तिथं मुक्काम फुकट होता. खरं सांगायचं तर तिनं आठवण घेतली ती खाटेसाठी.

बाँबमधून वाचलेली माणसं एकेक करून जाऊ लागली, तेव्हा या शहरानं त्यांच्या आठवणी जपायचं हे नवं तंत्र आणलं. म्हाताऱ्या माणसानं डोळे मिटून आठवायचं. त्या वेळी मेंदूत उठणारे तरंग यंत्र टिपून घेई. तेच तरंग पाहुण्याच्या मेंदूत हलकेच उमटवले की दीडेक दिवस ती आठवण त्याची होऊन राही. मग ओल्या फरशीवरच्या पावलांसारखी ती विरून जाई. यामिनीच्या वाट्याला सेत्सुको नावाच्या बाईंची आठवण आली होती. सात वर्षांपूर्वी त्या वारल्या होत्या. आठवण त्यांच्या आठव्या वर्षातली.

डोक्यावरचा यंत्राचा टोप काढताना आठवणी देणाऱ्या केंद्रातला माणूस म्हणाला होता, "चेहऱ्यांवर फार विसंबू नका." तेव्हा ती पेंगुळलेली होती. तिनं नुसती मान डोलावली.

सेत्सुकोबाईंची धाकटी बहीण फुमिए नदीकाठच्या बाकावर वाट पाहत बसली होती. नव्वदी उलटलेली, सडसडीत बाई. आठवण घेणाऱ्याची तयारी असली तर ती भेटायला येत असे. कानातल्या दुभाष्यामुळे दोघींना एकमेकींचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू येत होतं.

"दमलीस का?" फुमिएनं विचारलं.

"नाही. गोंधळलेय. आत्ता मी नसलेल्या घराला वळसा घातला."

"आमचंच असेल. टाकं होतं म्हणे कोपऱ्यावर." ती पाण्याकडे वळली. "त्या उन्हाळ्यात मी तान्ही होते. मला खोकला झाला म्हणून वडिलांकडची आजी मला आणि ताईला गावी घेऊन गेली. आई मागे राहिली. नंतर घरही नाही, फोटोही नाही. ताई जन्मभर सांगायची, आई छान होती. पण छान म्हणजे कशी, ते तिला सांगताच यायचं नाही. तुला दिसते का ती?"

यामिनीनं डोळे मिटले. शोधावं लागलंच नाही. दारातून उन्हाची तिरीप आत आलेली. आई उंबऱ्याशी बसून सेत्सुकोच्या अंगरख्यावर नाव लिहिलेली चिंधी शिवतेय. सुई भरभर चालतेय. शिवून झालं की ती दातांनी दोरा तोडते आणि लेकीकडे बघून हसते.

"गोल चेहरा," यामिनी म्हणाली. "डाव्या भुवईखाली तीळ. हसली की एकच खळी पडते." आणि ती मध्येच थांबली. "फुमिएबाई, ही... ही माझी आई आहे."

फुमिएला नवल वाटलं नाही. "तसंच होतं," ती म्हणाली. "ब्राझीलहून एक मुलगा आला होता. त्याला कुरळ्या केसांची आई दिसली. पोलंडच्या बाईला निळ्या डोळ्यांची. यंत्राला चेहरा नीट धरता येत नाही. रिकामी जागा तुमचं मन आपल्याजवळचं घालून भरतं. मला ठाऊक आहे, तरी मी विचारते."

यामिनीची आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. कराडात ब्लाउज शिवायची. मशीनवर वाकलेली आई तिनं हजारदा पाहिली होती. मग आता दिसली ती कोण? कुठपर्यंत आपली आणि कुठून पुढे या बाईची? तिनं फोन काढून स्पीकरवर वडिलांना लावला. तिकडे सकाळ होती.

"अण्णा, एक विचारू? आई काजं-बटणं कशी करायची? सुई कुठल्या हातात धरायची?"

"अगं, हे काय मध्येच?" अण्णा म्हणाले. "उजव्याच की. का गं?"

"डाव्या नाही? नक्की?"

"डावा खांदा दुखायचा तिचा. तो हात वर होतच नव्हता धड. तूच नाही का शेकून द्यायचीस?"

"मला नाही आठवत ते," यामिनी पुटपुटली. "आणि दोरा? दातांनी तोडायची ना?"

"छे. कात्री कायम गळ्यात अडकवलेली. दातांनी तोडलं की शिकायला येणाऱ्या मुलींना रागवायची ती. तुझी तब्येत बरी आहे ना, यमू?"

"बरी आहे. मग करते फोन."

ती फुमिएकडे वळली. "चेहरा माझ्या आईचा आहे, तो सोडून द्या. हात मात्र तिचे नाहीत. हे हात डावखुरे आहेत. तुमची आई डाव्या हातानं शिवायची. आणि दोरा दातांनी तोडायची."

फुमिएनं मांडीवरचा डावा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, जणू कुणी तो आत्ताच तिला आणून दिला होता.

"शाळेत बाई माझा हा हात बांधून ठेवायच्या," ती म्हणाली. "उजव्यानं लिही म्हणायच्या. आजी म्हणायची, कुठून आलं हिला हे खूळ, कुणास ठाऊक." ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "मी येईल त्याला चेहराच विचारत बसले. हात कुणाला विचारलेच नाहीत."

नदीवरून एक नाव गेली. फुमिएनं आपल्या डाव्या हातानं यामिनीचा हात धरला होता. हळूहळू तिच्या कपाळावर आठी उमटली.

"तुझ्या आईचा दुखरा खांदा तुला आठवला नाही ना?" तिनं विचारलं. "मी ऐकलं."

"नाही आठवला."

"काल आठवला असता का?"

यामिनीनं आठवून पाहिलं. शेकायची पिशवी तिला दिसेना, तेलाचा वास येईना. उंबरा मात्र दिसत होता आणि त्यावर बसलेली, आईच्या चेहऱ्याची डावखुरी बाई.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"उद्या माझी आई तुझ्यातून निघून जाईल," फुमिए हलकेच म्हणाली. "तिनं घातलेला तो तुझ्या आईचा चेहरा ती इथं ठेवून जाईल ना? केंद्रातले म्हणतात, काही होत नाही. पण त्यांना तरी कुठे सगळं कळलंय?"

यामिनीनं पुन्हा स्पीकरवर कराडला फोन लावला.

"अण्णा, तुम्हाला वेळ आहे?"

"आहे की. काय झालं?"

"आईबद्दल सांगा. जे आठवेल ते. खांद्यापासून सुरुवात करा."

अण्णा आधी अडखळले, मग सांगू लागले. बाजूला फुमिए मान कलती करून ऐकत होती. तिनंही आपली आई अशीच, दुसऱ्यांच्या तोंडून गोळा केली होती. यामिनी डोळे मिटून एकेक शब्द मनात बसवत होती. पण उद्या सकाळी जाग येईल तेव्हा यातलं किती तिचं स्वतःचं आठवलेलं असेल, आणि किती नुसतं अण्णांनी सांगितलेलं?