गच्चीवरचे चौदा फोटो

"हल ना जरा, ढोल्या! तुझ्या टाळक्याचा फोटो नकोय मला," असं म्हणत सुकडीने मामेभावाला कोपराने ढकललं आणि खिडकी काबीज केली.

सुट्टीत मामाच्या घरी तिघांची टोळी होती. तेरा वर्षांची सुकडी, तिच्याच वयाचा ढोल्या आणि त्याची सात वर्षांची बहीण पिटुकली. ही नावं घरच्यांनीच ठेवलेली; लाडाने की दुष्टपणाने, देव जाणे. मामाला फोटोंचा भारी नाद. या वर्षी त्याने काळजावर दगड ठेवून आपला कॅमेरा सुकडीला दिला होता. फिल्मवर चालणारा, आपोआप फोकस करणारा आणि फोटोच्या कोपऱ्यात दिवस-वेळ उमटवणारा. मिळणार होता एकच रोल, म्हणजे छत्तीस फोटो, आणि एकही वाया घालवलास तर कान उपटीन असा दमही मिळाला होता.

समोरच्या गच्चीला जाळी होती आणि जाळीवर कबूतर. सुकडीने लेन्स पुढे सरकवली, आणि कबूतर राहिलं बाजूला. भर दुपारी, टळटळीत उन्हात, गच्चीवर खुर्चीत एक म्हातारा बसला होता. त्याचे दोन्ही हात चादरीच्या पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेले होते.

"अगं, हे तर नाना!" ढोल्या म्हणाला.

नाना म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकांचे वडील. त्यांना विसरायला व्हायला लागलं, घरी बघायला कोणी नाही, म्हणून दोन महिन्यांपूर्वी काकांनी त्यांना समोरच्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. सुकडीने घाईघाईने फोटो काढला, पण फोकस जवळच्या जाळीवर बसला आणि मागे नाना नुसते धुरकट दिसले.

पोरं धावत वकीलकाकांकडे गेली. त्यांनी फाईलमधून मानही वर केली नाही. दर रविवारी मी जातो, म्हणाले, नाना न्हाऊनमाखून, पावडर लावून बसलेले असतात. कपाळ भाजलंय खरं, पण उन्हात बसायचा हट्ट त्यांचाच, असं आश्रम चालवणाऱ्या बाई सांगतात. मग त्यांनी चष्मा काढला. "मी वकील आहे. मला गोष्टी सांगू नका. पुरावा आणा."

"आणते," सुकडी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मामाने तिला लेन्सवरचं बटण दाखवलं. ते सरकवलं की यंत्र गप्प बसतं आणि फोकस आपल्या हाताने करता येतो. पुढचे तीन दिवस ती बारा ते तीन खिडकीशी चिकटून होती. आश्रमात काम करणारी माणसं त्या वेळी जेवून आडवी होत. जे म्हातारे फिरत राहतात, झोपमोड करतात, त्यांची रवानगी गच्चीवर. पण आता खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असायची. म्हाताऱ्याला बघायला भिंत तेवढी. पहिला धरून बारा फोटो झाले आणि एकातही नानांचा चेहरा नव्हता.

चौथ्या दिवशी टोळी आश्रमाच्या मागच्या लोखंडी जिन्याने वर गेली. ढोल्याला खाली आश्रमाच्या खिडकीशी पहाऱ्यावर ठेवलं; आत कोणी उठलं की त्याने शिट्टी मारायची. नानांचे ओठ फुटले होते. पिटुकलीने आपली पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली, तेव्हा ते वासरासारखे घटाघटा प्यायले. सुकडीने चेहऱ्याचा फोटो घेतला, मग गाठींचा. घाईत तिने फ्लॅश बंद केलाच नव्हता. तो आपणहून वर आला आणि आतल्या जिन्याच्या दाराच्या काचेत लखकन चमकला.

दार उघडून आश्रमाच्या बाई आल्या. आवाज असा गोड की मुंग्या लागाव्यात. "दे पाहू, बाळा." त्यांनी कॅमेरा घेतला, मागचं झाकण उघडलं आणि आतली फिल्म ओढून काढली. हातभर लांब पट्टी त्यांनी उन्हात नीट फिरवली आणि डबीसकट सुकडीच्या गळ्यात हारासारखी घातली. "माझ्याकडेही होता असला कॅमेरा. ऊन लागलं की मेली फिल्म." मग त्यांनी पिटुकलीची बाटली घेतली आणि उरलेलं पाणी नानांच्या देखत तापलेल्या फरशीवर ओतलं. "आज नानांना चहा नाही हं. तुमच्यामुळे."

नाना वाळत जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले.

खाली ढोल्याच्या तोंडात दोन बिस्किटं होती. शिट्टी वाजणार कुठून? सुकडीने त्याला असं बदडलं की उरलेला पुडा त्याने मुकाट्याने तिच्यापुढे धरला. पण तिचा राग त्याच्यावर नव्हताच. मदत करायला गेलो आणि म्हाताऱ्याचा चहासुद्धा घालवून आलो, हे तिला खुपत होतं. ती घरी येऊन ढसाढसा रडली.

संध्याकाळी मामाने ती डबी उलटसुलट करून पाहिली. "किती काढले होतेस?"

"चौदा."

मामा हसायलाच लागला. बाईंचा कॅमेरा जुन्या पद्धतीचा असणार, म्हणाला. त्यात काढलेला फोटो डबीच्या बाहेर गुंडाळला जातो. आपला कॅमेरा रोल घातल्याघातल्या सगळी फिल्म बाहेर ओढून घेतो आणि एकेक फोटो काढला की तेवढी पट्टी डबीत परत नेतो. बाईंनी उन्हात धरली ती कोरी फिल्म. काढलेले फोटो डबीत, अंधारात सुखरूप होते.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून चौदाच्या चौदा फोटो आले. फक्त गाठींच्या फोटोची कड उन्हाने करपली होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेळ होती: बारा दहा, एक चाळीस, दोन पंचावन्न. वकीलकाकांनी ते दोनदा पाहिले आणि न जेवताच उठले.

बरोबर साडेबाराला ते, मामा आणि एक पोलीस अधिकारी लोखंडी जिन्याने वर गेले. नाना तिथेच होते, शेजारी दोन आज्यासुद्धा बांधलेल्या. आजच पहिल्यांदा बांधलं, असं बाई सांगायला लागल्या. काकांनी एकेक फोटो वेळेसकट त्यांच्यापुढे धरला, तेव्हा मात्र तो गोड आवाज बसला. त्याच दिवशी बाईंना पोलीस घेऊन गेले आणि इतर म्हाताऱ्यांना चांगल्या ठिकाणी हलवलं.

नाना घरी आले. सगळी इमारत वकीलकाकांच्या दिवाणखान्यात जमली. पोरांनी नाव काढलं, असं जो तो म्हणत होता. काकांनी सुकडीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी. असा पुरावा मोठ्यांनासुद्धा जमत नाही."

नानांनी टेबलावरचा एक फोटो उचलला. त्यांच्याच चेहऱ्याचा. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत होते.

"बिचारा," ते म्हणाले. "याला मुलगा नाही का कोणी?"

सुकडीच्या डोक्यावरचा हात हळूच निघून गेला. नाना उत्तराची वाट बघत एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले.