ओल्या केसांची सभा

"पुन्हा बंद!" भोंगा ओरडला आणि त्याने गेटवर लाथ मारली. "अरे, दर रविवारी हाच तमाशा!"

सभागृहाच्या लोखंडी गेटपुढे वस्तीतली निम्मी माणसं उभी होती. भिंतीवर मोठा फलक होता : 'दर रविवारी नगरसेविका नागरिकांच्या भेटीला.' नागरिक आले होते. भेट मात्र कुठे दिसत नव्हती!

"रद्द झालेलं दिसतंय," भिंगरीचे बाबा वैतागून म्हणाले. "मी सांगत होतो ना! कशाला फुकट पायपीट? चला घरी!"

सगळे कुरकुरत पांगले. भिंगरीच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. नाल्यावरच्या लाकडी पुलाची फळी मोडली होती. तिथेच तिची धाकटी बहीण छोटी पडली आणि पायाला प्लास्टर घेऊन बसली. तेव्हापासून सगळ्या मुलांना पुलावर बंदी! पलीकडे मैदान, अलीकडे ऐन सुट्टीत डांबून ठेवलेली मुलं. त्या फळीचं गाऱ्हाणं सांगायचं तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी भिंगरी पळतच आपल्या दोस्ताकडे, भोंग्याकडे आली. "फलकावर कालचा फोटो लागलाय. 'नागरिकांशी मनमोकळा संवाद' म्हणे! सभागृह गच्च भरलंय!"

"कसं शक्य आहे? आपण तर बाहेर होतो!"

दोघांनी फोटोला नाक लावलं. सगळ्या नागरिकांचे केस ओले होते. एकाच्या गळ्यात टॉवेल होता. मधल्या गृहस्थांच्या कपाळावर तर पोहण्याचा चष्मा!

"हे तर माझे पोहण्याचे सर!" भोंगा किंचाळला.

सभागृहाला लागूनच पोहण्याचा तलाव होता. सर तिथे काठावरच सापडले. "हो, होतो की मी," ते कान झटकत म्हणाले. "बाईंचा सहायक मधल्या दारातून येतो आणि म्हणतो, 'खुर्च्या रिकाम्या आहेत हो, फोटोपुरते बसा.' आम्ही बसतो. बाई तक्रारी विचारतात. मी सांगतो, पाण्याला औषधाचा फार वास येतो."

"बस? एवढंच?"

"मग आणखी काय सांगणार? मी राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला!"

भिंगरीने कपाळावर हात मारला. म्हणजे बाई येत होत्या! मग गेट का बंद? ती तडक वॉचमनकाकांकडे गेली.

"बाईंची गाडी आत आली की गेट लावायचं, असा हुकूम आहे," काका म्हणाले. "गाडी वळवताना मध्ये गर्दी नको."

"आणि उघडायचं कधी?"

काकांनी डोकं खाजवलं. "ते काही कोणी सांगितलं नाही बुवा. गाडी जायला निघाली की उघडतो."

काय म्हणावं या मोठ्या माणसांना! ज्यांच्यासाठी कार्यक्रम, तेच बाहेर. आणि एकालाही साधं विचारावंसं वाटू नये!

पुढच्या रविवारी तलावावरची मंडळी मधल्या दाराने आत निघाली, तेव्हा त्यांच्यात केस ओले केलेली, टॉवेल घेतलेली भिंगरी आणि भोंगाही होते. सहायकाने दोघांना चक्क पहिल्या रांगेत बसवलं. "लहान मुलं फोटोत छान दिसतात," तो खूश होऊन म्हणाला.

नगरसेविका बाईंचा चेहरा उतरलेला होता. "बोला, काय अडचण आहे?"

"पाण्याला औषधाचा वास!" सर म्हणाले.

"पुन्हा तेच!" बाई चिडल्या. "या वस्तीला दुसरं काही दुखणंच नाही का? मी रविवारची सुट्टी सोडून येते आणि लोकांना यायला नको!"

भिंगरी ताडकन उठली. "बाई, लोक आलेत! तुम्ही फक्त खिडकी उघडा."

"ए पोरी, खाली बस!" सहायक धावला. पण भोंगा खिडकीपाशी पोचलासुद्धा! बाहेर गेटपुढची माणसं नेहमीसारखी माघारी वळत होती. भोंग्याने छाती भरून श्वास घेतला. "थांबाऽऽ! बाई आत आहेतऽऽ!"

त्याचा आवाज काय वर्णावा! वॉचमनकाकांच्या हातातली किल्लीच पडली.

बाईंनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा सहायकाकडे. "हे लोक... दर रविवारी?"

"मला वाटलं, तुम्हाला रिकाम्या खुर्च्या बघून वाईट वाटेल..." सहायक पुटपुटला.

"मग गेटबाहेर डोकवायचं होतं की, शहाण्या!"

गेट उघडलं आणि जो गलका झाला! सगळे एकदम बोलायला लागले. बाईंनी टेबल आपटलं. "आधी ही मुलगी बोलेल!"

भिंगरीने फळीचं सांगितलं. बाई तशाच उठल्या, सगळ्यांना घेऊन पुलावर गेल्या आणि दुसऱ्याच फळीत त्यांची टाच अडकली. बाबांनी दंड धरला म्हणून वाचल्या!

"सुताराला बोलवा," त्या सहायकाला म्हणाल्या. "आत्ता! काम होईपर्यंत मी इथून हलत नाही."

संध्याकाळी पूल ठोकून पक्का झाला. मुलं हुर्रे करत मैदानाकडे धावली. "शाब्बास!" बाईंनी भिंगरीची आणि भोंग्याची पाठ थोपटली. "आम्हा सगळ्यांपेक्षा हुशार निघालात!" बाबांची छाती तर फुगून आली होती.

त्यांच्या कडेवर प्लास्टरचा पाय सांभाळत छोटी बसली होती. ती पुलाकडे बघत म्हणाली, "इतकं सोपं होतं, तर माझा पाय मोडायच्या आधी का नाही केलं?"

बाबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी बाबांकडे.