खोकला कापून टाक

मयताच्या घरून कुणी थेट आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठेतरी टेकायचं, बशीभर पान्सितच्या शेवया खायच्या, नाहीतर दुकानात शिरून उगाच साबणाचे भाव विचारायचे. मेलेलं माणूस पाठोपाठ आलं असलं तर ते तिथेच रेंगाळतं आणि आपण मोकळे घरी पोचतो. ह्याला पागपाग म्हणतात, आणि पासिग शहरातली शिकलीसवरलेली माणसंही ते चुकवत नाहीत. त्या दुपारी जोवेलिन आणि अर्नेल ऑफिसातल्या निदाताईच्या शवपेटीपाशी बसून निघाले, तेव्हा कोपऱ्यावरच्या खानावळीत थांबायचं त्यांचं ठरलेलंच होतं. तेवढ्यात रेनातो सरांचा मेसेज आला. सरळ ऑफिसला या, सोमवारी नवी बॅच येतेय.

"झालं," जीपनीत चढता चढता अर्नेल म्हणाला. "म्हणजे ताईला आपण ऑफिसातच सोडणार. मेल्यावरही सुट्टी नाही बिचारीला."

जोवेलिनला हसू आलं नाही. निघताना निदाताईच्या आईने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. "पोरी, माझ्याकडे तिचा आवाज कुठेच नाही गं. नुसते मेसेज लिहायची. तुमच्या त्या शिकवायच्या व्हिडिओंत ती बोलते म्हणे. एक तरी आणून दे मला."

"आणते, नानाय," जोवेलिनने शब्द दिला होता.

ते व्हिडिओ म्हणजेच निदाताईचं काम. इस्पितळांची बिलं संगणकात कशी भरायची, ते ती स्क्रीनवर एकेक पायरी करून दाखवायची आणि रेकॉर्ड करायची. जे बटण दाबायचं, त्याभोवती आधी बाण सावकाश दोनदा गोल फिरवायची. "थांबा, घाई नको. सापडलं ना सगळ्यांना?" आणि मग क्लिक. पुढे पुढे मधेच खोकलाही येऊ लागला. तिने रजा मागितली, तर सर म्हणाले, "रजा कशाला? खोकला कापून टाक." ती मुकाट्याने कापत राहिली, शेवटी पार अंथरुणाला खिळेपर्यंत. जोवेलिनला विचाराल, तर ह्या माणसाने बोटही न लावता तिला मारलं होतं. आणि मयताला स्वतः फिरकायचं सोडून त्याने पाठवलं काय, तर कंपनीच्या नावाचं पुष्पचक्र, वर स्वतःचा नंबर छापलेलं कार्ड खोचून.

ऑफिसात पोचताच सरांनी फर्मावलं. "सगळे व्हिडिओ तुझ्या आवाजात परत कर. पोरांना मेलेल्या बाईचा आवाज नको. आणि सुरुवातीला माझं नाव टाक."

"सर, जुन्यातला एक मला मिळेल? तिच्या आईला..."

"कंपनीची मालमत्ता आहे ती. नवे झाले की जुने पुसायचे."

जोवेलिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी खाणारी तोंडं होती. दात-ओठ खात ती रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरली.

खोली कसली, जुनी अडगळच. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खिडकी नाही, आणि घरघर नको म्हणून एसी बंद. दार लावलं की आपलाच श्वास ऐकू येतो. घामाने निथळत तिने पहिला व्हिडिओ सुरू केला. बोलता बोलता तिला वास आला. शवपेटीवरच्या साम्पागिताच्या हारांचा, आणि विझल्या मेणबत्तीचा. आपल्याच कपड्यांना लागला असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि कपाळ पुसायला माउसवरचा हात उचलला.

स्क्रीनवरचा बाण बटणाभोवती सावकाश फिरत होता. एकदा... पुन्हा एकदा...

तिने रेकॉर्डिंग बंद करून ऐकलं. शब्द तिचेच होते. पण दोन वाक्यांच्या मधे कुणीतरी खोकत होतं, तोंडावर रुमाल धरून, हलकेच. तिने तेवढा तुकडा कापला. पुन्हा ऐकलं. खोकला जरा पुढे सरकला होता.

दार उघडून सर आत डोकावले. "खोकला कापून टाक म्हणून किती वेळा सांगायचं?"

"मी खोकले नाही, सर," जोवेलिन म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. "आणि कापायचा नव्हता तो कधीच. डॉक्टरला दाखवायचा होता. तुम्ही रजा दिली असती तर ती आज इथे बसली असती."

सरांचा चेहरा लाल झाला. "ऊठ. मीच करतो. बाहेर हो."

दार लागलं. ती आणि अर्नेल बाहेर उभे राहिले. आतून सरांचा आवाज येत होता, खणखणीत, नेहमीचा. मग तो हळू झाला. "थांबा, घाई नको," सर म्हणाले. ह्या माणसाच्या तोंडून हे शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते. अर्नेलने छातीवर क्रूसाची खूण केली.

बऱ्याच वेळाने सर बाहेर आले, रुमालाने ओठ टिपत. "झालं. जुने सगळे पुसले."

जोवेलिनच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. एका आईचं एवढंसं मागणं, त्यावरही बोळा फिरवला मेल्याने.

सरांनी बॅग उचलली. अर्नेल चाचरत म्हणाला, "सर, घरी जाताना वाटेत कुठेतरी थांबा हं... थेट नका जाऊ."

"कशाला? मी कुठे मयताला गेलो होतो?" ते खाकरले आणि गाडी काढून तडक घरी गेले.

तिन्हीसांजेला जोवेलिन खानावळीत बसली होती. नानायला काय सांगायचं, ते सुचत नव्हतं, आणि तोच तिचा फोन आला.

"पोरी, देव तुझं भलं करो," म्हातारी रडत होती. "तुमच्या सरांनी फोन केला. कार्डावरचाच नंबर होता. स्वतः एक अक्षर बोलले नाहीत, नुसतं निदाला ऐकवलं. किती वेळ बोलत होती गं..."

"नानाय, ते व्हिडिओ तर..." जोवेलिन म्हणाली.

"खोकत होती फार. मी म्हटलं, बाळा, पाणी पी. तर गप्प झाली." म्हातारीचा आवाज अगदी खाली गेला. "मग मला हळूच विचारलंन, 'आई, हे घर कुणाचं आहे?'"