बदल्यात काय हवं?

घाईबाई तीन मजले एका दमात चढली आणि उपकरण दुरुस्तीच्या खोलीच्या दारातच एका मुलावर आदळली. त्याच्या हातातली ताटली कलली आणि तिच्यातले बारीक स्क्रू फरशीभर पसरले.

"सत्तावीस होते," तो खाली बसत म्हणाला. "शोधू. पण आधी श्वास घ्या."

"माझा मायक्रोस्कोप... तुम्ही नेलाय. तो द्यायचा नव्हता."

मैत्रिणी तिला घाईबाई म्हणत, आणि ते काही उगीच नव्हे. गेले सहा महिने तिने एकच ध्यास घेतला होता. दरवर्षी परीक्षा संपली की वसतिगृहामागे गाद्या, बादल्या, टेबललॅम्प, प्रयोगशाळेतले कोट यांचा ढीग पडायचा. पुढच्या वर्षीची मुलं तेच सगळं नव्याने घ्यायची. म्हणून तिने अ‍ॅप बांधलं. वस्तूचा फोटो टाकायचा, 'बदल्यात काय हवं?' या रकान्यात लिहायचं आणि वस्तू ग्रंथालयाच्या तळघरातल्या कपाटात ठेवायची. कपाटाची चावी शिपाईमामांकडे. समोरचा तयार झाला की त्याला चार आकडे मिळणार, ते जुळले की मामा वस्तू देणार.

चाचणीसाठी तिने बारा खोट्या नोंदी केल्या. बाराव्या नोंदीला फोटो हवा होता, म्हणून टेबलावरच्या लाकडी पेटीतून बाबांचा मायक्रोस्कोप काढून टिपला आणि आकडे तपासायला तो पेटीसकट खरोखरच कपाटात नेऊन ठेवला. रकाना रिकामा चालत नव्हता. तिने हसत हसत लिहिलं, 'न कंटाळता माझं ऐकून घेणारं माणूस.' उद्घाटनाच्या सकाळी खोट्या नोंदी पुसताना बाईसाहेबांनी घाईघाईत अकराच पुसल्या.

दुपारी मामांनी हात झटकले. "आकडे जुळले, पोरी, मी दिला. नियम तुझाच ना?"

आणि आता तिच्यासमोर, खिडकीजवळच्या टेबलावर, पांढऱ्या फडक्यावर तो मायक्रोस्कोप सुटा सुटा होऊन पडला होता. नळी, फिरक्या, आरसा, भिंगं. प्रत्येक तुकड्याखाली कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर बारीक अक्षरात आकडा.

"हा... परत जुळेल?"

"जुळेल," तो म्हणाला. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या या मुलाला सगळे भिंगवाला म्हणत, कारण कॉलेजातलं एकही भिंग त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलं नव्हतं. "भिंगांवर बुरशी होती, वंगण दगड झालं होतं. पण ज्याने हा वापरलाय ना, त्याने जीव लावून वापरलाय. फिरक्या बघा, डावीकडचीच झिजलीय. डावखुरे का ते?"

घाईबाई त्याच्याकडे बघतच राहिली. झिजलेल्या पितळेवरून या मुलाने बाबांचा हात ओळखला होता.

"बाबा," ती म्हणाली. "शाळेत विज्ञान शिकवायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. आई म्हणते, घरात ठेवलास तर मला रडू येतं, तू घेऊन जा. त्यांची एवढीच वस्तू माझ्याकडे आहे."

त्याने झिजलेली फिरकी जपून परत चिठ्ठीवर ठेवली. "मग हा परत न्यायचाच. पाच दिवस द्या. आणि रोज चारला या."

"कशाला?"

"बदल्यात काय हवं, ते तुम्हीच लिहिलंय. मी कबूल केलं म्हणजे केलं. बोला, ऐकतोय."

तिचे कान तापले. "अहो, ती थट्टा होती."

"असू दे. मला थट्टासुद्धा नीट ऐकता येते."

ती दुसऱ्या दिवशी आली ती म्हणे फक्त नजर ठेवायला. पण तो कापसाच्या बोळ्याने भिंग पुसत होता, इतक्या हलक्या हाताने की तिचाही आवाज आपोआप उतरला. ती बोलत गेली. अ‍ॅपबद्दल, आईबद्दल, कधीच नीट न झालेल्या पोळीबद्दल. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. चौथ्या दिवशी ती दवाखान्यातल्या बाबांच्या शेवटच्या आठवड्यापाशी आली. कुणालाच सांगितला नव्हता तो. त्याचा हात थांबला. त्याने भिंग खाली ठेवलं आणि ती संपवेपर्यंत पुन्हा उचललं नाही. एवढं नीट आपलं कुणी ऐकू शकतं, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

पाचव्या दिवशी मायक्रोस्कोप खिडकीत उभा होता. त्याने कांद्याचा जांभळा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, वर पाण्याचा थेंब सोडला आणि आरसा उन्हाकडे वळवला.

"बघ."

तिने डोळा लावला. आधी नुसताच धूसर उजेड. मग त्याने फिरकी अलगद फिरवली आणि... ओळीने रचलेल्या जांभळ्या विटा, एकीला लागून एक, पार दिसेनाशा होईपर्यंत. आतून उजळलेल्या. कांद्यासारख्या कांद्यात एवढं सगळं बांधून ठेवलेलं, कुणी बघो न बघो. तिला श्वास घ्यायचंही सुचेना. सात वर्षांची असताना बाबांनी स्टुलावर उभं करून हेच दाखवलं होतं. तिचे डोळे भरले आणि विटा पाण्यात तरंगू लागल्या.

"दिसेना झालं," ती पुटपुटली.

"भिंग स्वच्छ आहे," तो हळूच म्हणाला. "थांबू आपण."

थोड्या वेळाने त्याने मायक्रोस्कोप लाकडी पेटीत ठेवला, कडी लावली आणि पेटी तिच्याकडे सरकवली. बोलताना मात्र तो खिडकीबाहेर बघत होता.

"घे. अ‍ॅपवर आता व्यवहार रद्द करून टाक."

"रद्द केला की?"

"की... मी ऐकायला बांधील नाही. तुलाही जिने चढायला नकोत."

तिने फोन काढला. दोन बटणं होती, तिनेच बनवलेली. 'रद्द' आणि 'मिळालं'. आयुष्यात पहिल्यांदाच घाईबाईने घाई केली नाही. तिने पेटीकडे पाहिलं, त्याच्या बोटांवरच्या वंगणाच्या डागांकडे पाहिलं. मग 'मिळालं' दाबलं.

त्याच्या खिशातला फोन वाजला. 'व्यवहार पूर्ण. वस्तू तुमची.' त्याने वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"अगं, पण हा तर बाबांचा..."

"म्हणूनच," तिने पेटी त्याच्याकडे परत सरकवली. "माझ्या खोलीत तो एवढी वर्षं नुसता बंद होता. तुझ्याकडे राहू दे. मी रोज बघायला येईन. आणि मला तू आवडतोस, हेही ऐकून ठेव."

तो कानापर्यंत लाल झाला. "ऐकलं," तो म्हणाला. "आणि... किती दिवस ऐकायचं?"

"ते रकान्यात नाही लिहिलेलं."

"मग मुदत नाही असं धरतो."

त्याने पेटीची कडी पुन्हा उघडली. खिडकीत ऊन अजून तासभर तरी राहणार होतं.