उलटे आटे

"हा तुकडा नळाचा आहे," रितेश म्हणाला.

"काहीतरीच. प्रथमेशकाकांनी हातखंब्याच्या लेथवर बनवून आणलाय," शमिका म्हणाली.

"मग यावर हा पंधरा आकडा कशाला? माझे बाबा डोंबिवलीत प्लंबर आहेत. असले पंधराचे तुकडे आमच्याकडे डबाभर पडलेत."

मे महिन्याच्या सुट्टीत रितेश वाडीत आला की शमिका आणि तिचा धाकटा भाऊ स्वरूप यांच्यासोबतच असे. या वर्षी तिघांनी काम काढलं होतं ते शेजारच्या सखारामआजोबांचं. आजोबा चाळीस वर्षं भजनी मंडळाचे पेटीमास्तर. दिवाळीत त्यांचा डावा हात लुळा पडला, आणि पेटीचा भाता हलवायचा असतो डाव्या हाताने. मुलांनी जुन्या शिलाई मशीनचा पायटा पेटीखाली बसवला. पायटा दाबला की दांडी हलायची आणि दांडीने भाता. दांडी आणि भात्याला जोडणारा पितळी सांधा तेवढा हवा होता.

"माझ्याकडे द्या, लेथवाला माझ्या ओळखीचा," मंडळाचे अध्यक्ष प्रथमेशकाका म्हणाले होते. महिन्याभरात त्यांनी तीन सांधे आणले. तिन्ही ढिले. प्रत्येक वेळी दोष लेथवाल्याचा. तिसऱ्यांदा ते उसासा टाकून म्हणाले, "नाही जमत हो. हनुमान मंदिरातल्या भजनाला या वेळी माझा भाचा कीबोर्डवर बसू दे." भाच्याने कीबोर्ड मार्चमध्येच घेतला होता. ही गोष्ट शमिकाने बरोबर लक्षात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिघं हातखंब्याला गेली. महामार्गाच्या कडेला एकच लेथ सापडला, तो रेणुकाताईंचा. डोळ्यांवर चष्मा, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली.

"पेटीचा सांधा? माझ्याकडे कुणीच आलं नाही," त्या म्हणाल्या. "भोक किती सुताचं हवं?"

"सूत म्हणजे दोरा?" रितेशने विचारलं.

"मुंबईत इंच तरी शिकवतात ना? त्याचे आठ भाग कर. एक भाग म्हणजे एक सूत."

स्वरूपने दांडी सोबत आणली होती. ताईंनी ती मापली. "तीन सूत. आधी नायलॉनमध्ये नमुना काढू. पितळ वाया घालवायचं नाही."

वाडीत परतल्यावर त्यांनी नमुना पेटीला लावला, तो घट्ट बसला. आजोबांचा चेहरा उजळला, पण दुसऱ्या अभंगाला सांधा गळून खाली पडला. परत बसवला, परत पडला. आजोबांनी पेटीवर फडकं टाकलं. "राहू दे रे बाळांनो. भाचा वाजवील."

स्वरूप मात्र पेटीखाली पालथा पडून बघत होता. "आजोबा, परत वाजवा. सुटताना तो दर वेळी डावीकडेच फिरतो."

तिघं पुन्हा हातखंब्याला गेली. हे ऐकून रेणुकाताई हसल्या. "मग उलटे आटे पाडू. सायकलच्या डाव्या पेडलला असतात तसे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." पितळी सांधा त्यांनी त्याच दुपारी हातात दिला.

भजनाच्या दिवशी चार वाजता भाचा कीबोर्ड उघडतच होता, तेवढ्यात आजोबा मंडपात आले आणि नेहमीच्या जागी पेटीपुढे बसले. पाय खाली, उजवा हात वर. तीन अभंग झाले, सांधा जागचा हलला नाही. मंडप टाळ्यांनी भरला.

सगळ्यांच्या आधी माइकपाशी पोचले प्रथमेशकाका. "या सांध्यासाठी मी स्वतः हातखंब्याला चार खेपा घातल्या..."

"काका," शमिका गोड आवाजात म्हणाली, "तो काढून सगळ्यांना दाखवा ना."

काकांनी सांधा डावीकडे पिळला. तो आवळला. आणखी जोर लावला, आणखी आवळला. कपाळावर घाम आला.

"अडकलाय वाटतं."

"तुम्हीच बनवून घेतलात ना?" रितेशने विचारलं.

स्वरूप पुढे झाला. त्याने सांधा उजवीकडे फिरवला आणि अलगद काढून वर धरला. "उलटे आटे आहेत. रेणुकाताईंनी पाडलेत. काकांनी आणलेले नळाचे तुकडे हे." रितेशने तिन्ही तुकडे माइकपुढे ओळीने मांडले.

हशा झाला. मग कौतुक सुरू झालं. शाबास गो, हुशार पोरं, नाव काढलंत. आणि प्रत्येकाने शेवटी तेच वाक्य जोडलं: "मला आधीच शंका होती." शमिकाने मोजलं. अकरा जण. त्यातल्या दोघांनी तर काकांना नळाच्या दुकानात तुकडे घेताना पाहिलं होतं.

"आजोबा, अकरा जणांना आधीच शंका होती म्हणे. तुम्हाला ठाऊक नव्हतं ना?" तिने हळूच विचारलं.

"पहिल्या तुकड्यालाच कळलं. नळ मीही बसवलेत."

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस वर्षं हा प्रथमेश माझ्या शेजारी बसून टाळ वाजवतो. वाटलं, त्याचा तोच बोलेल."

मंडप रिकामा होईपर्यंत आजोबा बसून राहिले. मग त्यांनी स्वरूपकडून सांधा मागून घेतला आणि तो शमिकाच्या मुठीत ठेवला.

"पेटी तुमच्या पडवीत नेऊन ठेवा. रोज संध्याकाळी येईन, तिघांना शिकवीन."

"आणि मंडळ?"

"एकदा माझ्या जागेवर बसायचं होतं, बसलो." त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "आता त्या अकरा जणांत नाही बसायचं."